दोनच रकाने: वैजापूरला जाऊन आल्यावर

संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: वेरूळ पाहिलं का? परतल्यापासून मला तो चौघांनी विचारला. नाही पाहिलं. मकबराही पाहिला नाही, पाणचक्कीही नाही. हिमरू शाल आणायला सांगितलेल्या नणंदेशी अजून बोलणं झालेलं नाही. तीन दिवसांत मी एका हॉटेलच्या तळघरातला गारठलेला हॉल पाहिला आणि वैजापुरातलं एक अंगण दोनदा पाहिलं. त्या भागात फिरायला जाणाऱ्यांना या लिखाणाचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरकडे जाणाऱ्यांना कदाचित होईल.

मी मुंबईत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करते. या रोगावर देशभर कसे उपचार व्हावेत याची एक मार्गदर्शिका सध्या तयार होते आहे, तिच्या समितीवर मी आहे. आमच्या कामाचा नियम सोपा आहे. मनाला वाटलं म्हणून काही लिहायचं नाही, प्रत्येक वाक्यामागं पुरावा हवा. तो किती भक्कम आहे हे वाक्याच्या शेवटी कंसात लिहायचं: भक्कम, मध्यम, कमकुवत. आणि जिथं पुरावाच सापडत नाही पण काहीतरी सांगणं भाग असतं, तिथं कंसात लिहायचं, ‘तज्ज्ञांचे मत’. मसुदा तयार झाल्यावर तो गावोगावच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि काही शहरांत बैठका घेऊन तिथले डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांसमोर वाचायचा, असं ठरलं होतं.

या शहरांच्या यादीत संभाजीनगर आहे, आणि मसुदा तिथंच अंतिम होणार आहे, म्हटल्यावर मी हरखले. शस्त्रक्रियेचं शिक्षण मी तिथंच घेतलं, तीन वर्षं तिथल्या वॉर्डात काढली. तेव्हा गावाचं नाव वेगळं होतं, माझ्या पदवीच्या कागदावर अजून तेच आहे. माहेरी निघाल्यासारखी मी निघाले.

पहिला दिवस: जालना रोड

माहेरपणाची सुरुवात नान-खलियानं करायची हे गाडीतच ठरवलं होतं. समितीच्या जेवणात पनीर असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून बैठकीच्या आधी रिक्षा करून शहागंज गाठलं. आमच्या साताऱ्याकडं रश्शाचा तिखटपणा ओठाला आधी कळतो. खलिया, म्हणजे इथला मटणाचा रस्सा, तसा नाही, तो आधी गोडीगुलाबीनं आत जातो आणि मग घशाशी हिशोब मागतो. नान हातभर मोठा आणि मऊ. मी अधाशासारखं खाल्लं आणि वाटीभर तर्री पांढऱ्या ओढणीवर सांडून घेतली. धुवायला गेले तर डाग दुप्पट झाला. शेवटी ओढणी उलटी करून घेतली आणि तशीच हॉलमध्ये जाऊन व्यासपीठावर बसले. माझ्या अंगी तेव्हा एवढा तोरा होता की डाग दिसत असेल असंही वाटलं नाही.

दुपारी माझ्या वाट्याचं प्रकरण आलं. ते वाचण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. गाठ लहान असेल तर पूर्ण स्तन काढावा लागत नाही. नुसती गाठ काढून स्तन वाचवता येतो. मात्र त्यानंतर किरणोपचार घ्यावेच लागतात, ज्याला आपल्याकडच्या बायका शेक म्हणतात. मी शिकत होते तेव्हा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच आठवडे शेक चालायचा. तो बुडाला तर रोग परत येण्याची भीती. म्हणून मसुद्यात एक वाक्य होतं: दूरच्या ग्रामीण भागातील रुग्ण किरणोपचारास नियमित येण्याची शक्यता कमी असल्याने, अशा रुग्णांत पूर्ण स्तन काढण्यास प्राधान्य द्यावे. कंसात, तज्ज्ञांचे मत.

मी ते वाचलं आणि पुढं सरकणार तोच तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. पांढरे केस, मांडीवर पिशवी, चष्म्याला दोरी. वाहुळे सिस्टर. मी शिकत असताना आमच्या वॉर्डच्या इनचार्ज होत्या. आता निवृत्त होऊन पुंडलिकनगरात राहतात. परिचारिकांच्या वतीनं त्यांना बोलावलं होतं.

“ते कंसातलं काय म्हन्ले, मॅडम?”

“तज्ज्ञांचं मत.”

“कोन तज्ज्ञ?”

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. आमचे अध्यक्ष मोठे भले गृहस्थ आहेत. त्यांनी कौतुकानं माझ्याकडं हात केला आणि हिंदीत सांगितलं, याच, यांनी इथंच तीन वर्षं काम केलंय, यांना सगळा अनुभव आहे. मी, खोटं कशाला बोलू, थोडी सुखावले.

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. “अस्सं,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. जय भीम झालं, मुलंबाळं विचारून झाली, ओढणी उलटी आहे हे त्यांनी हळूच सांगितलं. मग म्हणाल्या, “उद्या फुरसत हाय का?”

दुसऱ्या दिवशी समितीसाठी वेरूळची सहल होती. मी तसं सांगितलं.

“लेण्या कुठं जात नाईत. वैजापूरला चला माझ्यासंगं. सुमनबाई आठवते?”

नाही आठवली. सिस्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं: सुमनबाई आमच्या वॉर्डातली जुनी रुग्ण, आपण तिचा स्तन काढला होता. ती बरी आहे. पण आता तिच्या मुलीला, ज्योतीला, गाठ निघाली आहे. ज्योती बजाजनगरात राहते, वाळूजला एका कंपनीत कामाला आहे. डॉक्टर म्हणतात, काढून टाकू. येत्या गुरुवारी ऑपरेशन. सुमनबाईचं म्हणणं, ज्या मॅडमनी माझं केलं त्यांनीच सांगावं, काढायचं का ठेवायचं.

जुन्या रुग्णाला माझ्यावर इतका भरवसा आहे हे ऐकून मी लगेच हो म्हटलं. तो भरवसा नव्हता.

दुसरा दिवस: वैजापूर

सकाळी गाडी केली. गावाबाहेर पडल्यावर उजव्या हाताला लांबून देवगिरीचा किल्ला दिसला, एवढंच माझं पर्यटन. थंडी होती. शेतात कापसाची शेवटची वेचणी चालली होती. लासूर स्टेशनला चहा घेतला. तिथं सिस्टरांनी पहिल्यांदा विषय काढला.

“तुमाला ते शेकाचं रजिस्टर आठवतं का?”

ते मात्र आठवत होतं. लाल कापडी पाठीचं, लांबोळकं रजिस्टर. कुठली बाई कुठल्या दिवशी शेकाला आली याची नोंद त्यात ठेवायची. ते काम सगळ्यात नव्या डॉक्टरकडं असायचं, म्हणजे माझ्याकडं. रोज कोण लिहीत बसणार? मी शनिवारी दुपारी एकदाच बसायचे. शेक देणाऱ्या विभागाकडून आठवड्याच्या दिवसवार याद्या यायच्या. यादीत नाव असलं की ‘आली’, नसलं की ‘आली नाही’. अर्ध्या तासात आठवडा उरकायचा. त्या रजिस्टरवरूनच माझं मत बनलं होतं. पानंच्या पानं ‘आली नाही’, आणि पुढं पत्ता: वैजापूर, गंगापूर, कन्नड, पैठण.

“आन् ती मशीन किती डाव बंद पडायची, ते आठवतं?” सिस्टरांनी विचारलं.

मी कप खाली ठेवला.

“मशीन बंद म्हंजी त्या दिवशी यादीच नाई. यादी नाई म्हंजी समद्या बाया तुमच्या रजिस्टरात आली नाही. बाया तर बाहेर बाकड्यावर बसून असायच्या, डबे घेऊन. मी सांगायला आले होते तुमाला. म्हन्ले, मॅडम, ह्या आल्यात, आपन वापस पाठवतोय, तसं लिहा. तुमी काय म्हन्ल्या?”

“काय म्हटलं मी?”

“रकाने दोनच आहेत, सिस्टर.”

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे यात शंका नाही, कारण अजूनही मी घरी आणि दवाखान्यात असंच बोलते. लासूर ते वैजापूर मी खिडकीतून बाहेर बघत होते. काय दिसलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

सुमनबाई बाजार समितीच्या आवारात भेटली. तिचा कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाला लागला होता आणि लिलाव संपल्याशिवाय ती हलणार नव्हती. काटक बाई, डोक्यावर पदर, अंगात मुलाचा स्वेटर. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, “वाळल्या लई.” तिनं मला पाहताक्षणी ओळखलं. मी तिच्याकडं पाहून ओळखीचं हसले, तेही खोटंच.

आवारातून बाहेर पडताना कांद्याच्या पातीवरून घसरले आणि सँडलचा पट्टा तुटला. सुमनबाईनं मागचापुढचा विचार न करता आपल्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. मी नको नको म्हणत होते तोवर ती अनवाणी पुढं चालायलाही लागली. “मला सवय हाय. तुमच्या पायाला खडे टोचत्याल.” मी त्या घातल्या. टाचा बाहेर राहत होत्या. तिच्या मागोमाग, तिच्याच चपलांतून मी तिच्या घरी गेले, आणि अजून तर काहीच झालं नव्हतं.

गावाच्या कडेला तिचं घर, पुढं सारवलेलं अंगण, कडेला कांदे साठवायची चाळ. आमच्याकडं पाहुण्याला आधी चौकशांनी घेरतात. इथं आधी तांब्याभर पाणी, आणि ते पिईपर्यंत कुणी अवाक्षर बोलत नाही. मग जेवण. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी दाट होते आणि तिला धुरकट वास येतो. मी दोन वाट्या प्यायले. ज्योती वाढत होती. ती रजा टाकून आली होती. तिशी-बत्तिशीची, शांत, कंपनीच्या ओळखपत्राची निळी दोरी अजून गळ्यात. आईशी मात्र तुटक बोलत होती. आजारपणामुळं असेल असं मला वाटलं.

हात धुतल्यावर सुमनबाईनं घरातून बियाण्याची एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात तिचे दवाखान्याचे कागद होते, सगळे. सरकारी दवाखान्यात प्रत्येक खेपेला खिडकीवर केस पेपर काढावा लागतो आणि त्यावर त्या दिवसाचा शिक्का पडतो. तिनं ते ओळीनं चटईवर मांडले. सलग दिवसांचे शिक्के. सोमवार, मंगळवार, बुधवार... मधला एकही दिवस सुटला नव्हता. मी एक उलटून पाहिला. मागं निळ्या शाईत बारीक अक्षरात, ‘मशीन बंद. परत पाठवली.’ दुसऱ्यामागं तेच. तिसऱ्यामागं तेच.

“माझं अक्षर हाय ते,” सिस्टर म्हणाल्या. “हिची सासू लई खडूस होती. शेक नाई घेतला तर दिवसभर कुठं होती म्हनून दारातच विचारायची. म्हनून मी लिहून द्यायचे.”

म्हणजे सासूसाठी पुरावा लिहिला गेला होता. देशासाठी जे लिहायचं होतं ते माझ्या रजिस्टरात होतं.

सगळ्यांत शेवटी तिनं एक जाड पिवळट कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. “हे वाचा. तुमचंच अक्षर हाय.”

माझंच होतं. तेव्हा मी ‘र’ला शेपूट काढायचे. लिहिलं होतं: ‘रुग्ण उपचारास अनियमित. सबब पूर्ण स्तन काढण्याचा निर्णय.’ खाली माझी सही, ठसठशीत. तेव्हा सर्व चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. आम्ही हिची नुसती गाठ काढली होती. शेक सुरू झाला. मशीन बंद पडली. मी दोन शनिवार ओळीनं ‘आली नाही’ लिहिलं. राऊंडला आमच्या विभागप्रमुख सरांनी रजिस्टर चाळलं, म्हणाले ही काही येणार नाही, काढून टाका. आणि काढला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी उभी होते.

“मी रोज यायचे, मॅडम,” सुमनबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं. “पयल्या गाडीनं निघायचे. अंधार असायचा.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत तुम्ही?” मी विचारलं. हे मी खरंच विचारलं.

“बोल्ले की. तुमालाच बोल्ले. तुमी म्हन्ल्या, आता लिहून झालं.”

ज्योती चुलीजवळ उभी होती. ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळून बोलली. “पाचवीत होते मी तवा हे कार्ड वाचलं. शाळेत नवीन शब्द शिकवला होता, अनियमित. आईला म्हन्ले, तू वेळेवर गेलीच नसशील, म्हनून काढलं तुझं. ती म्हनायची मशीन बंद होती, मला पटायचं नाई. आतापर्यंत तेच म्हनत आले. ह्या कागदांच्या मागचं कोन वाचतं? मागच्या महिन्यात माझे रिपोर्ट ठेवायला पिशवी उघडली, तवा दिसलं.”

आई-मुलीतला तो तुटकपणा लाजेचा होता. मुलीला आईची लाज वाटत होती ती वीसेक वर्षं, आणि आता स्वतःची. खरं तर त्या दोन्ही लाजा माझ्या वाट्याच्या होत्या.

सुमनबाईनं बोट त्या ओळीवर ठेवलं. “हे खोडा.”

आणि मी काय म्हणाले असेन? इतकी वर्षं ज्या चाकोरीत काढली तिथलंच तोंडातून आलं: “जुन्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही, सुमनबाई. नियम आहे.”

तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि पिशवीत ठेवलं. सिस्टर अंगणाकडं बघायला लागल्या. मी लगबगीनं ज्योतीचे रिपोर्ट मागितले, कारण तेवढ्यानं तरी हातांना काम मिळणार होतं. गाठ लहान होती. स्तन सहज वाचण्यासारखा होता. तिच्या डॉक्टरांनी काढायचं का ठरवलं तेच कळेना. मग आधार कार्डाची झेरॉक्स दिसली. पत्ता वैजापूर तालुक्यातला. ती राहते बजाजनगरात, शेक देणारा दवाखाना तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण कागदावर ती दूरच्या ग्रामीण भागातली होती.

मी तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. तरुण, अदबशीर माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, मसुदा आमच्याकडं आलाय ना अभिप्रायासाठी. त्यात तुम्हीच तसं लिहिलंय. उद्या तो अंतिम होतोय असं ऐकलं. ते वाक्य राहिलं तर मी त्याविरुद्ध कसा जाऊ? राहिलं नाही तर माझी काहीच हरकत नाही.”

ज्योतीनं एवढंच विचारलं, “मंग माझं उद्यावर हाय?”

हो म्हणून मी निघाले. चपला पायातच राहिल्या हे हॉटेलवर पोचल्यावर कळलं.

तिसरा दिवस: पुन्हा जालना रोड, आणि पुन्हा वैजापूर

सकाळी, आदल्या दिवशी वेरूळ पाहून आलेली मंडळी कैलास लेण्यावर भरभरून बोलत होती. मी माझी पाळी येण्याची वाट बघत होते. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. हे मत माझं आहे, ते चुकीच्या नोंदींवर बेतलेलं आहे, त्या नोंदी मी केल्या होत्या, मला मशीन बंद असल्याचं सांगितलं गेलं होतं. सरळ चार वाक्यं.

उभी राहिले. समोर तिसऱ्या रांगेत वाहुळे सिस्टर. मी म्हणाले, “स्थानिक पातळीवरील चर्चेतून काही नवी माहिती पुढं आली आहे. त्या दृष्टीनं हे वाक्य वगळावं असं मी सुचवते.”

नवी माहिती. बियाण्याच्या पिशवीतले कागद माझ्या अख्ख्या नोकरीइतके जुने होते.

एका सदस्यानं विचारलं, पण हा अनुभव तर तुमचाच होता? मी म्हणाले, मत बदललं. तज्ज्ञाच्या मताची ही मोठी सोय असते. ते बनवायला पुरावा लागत नाही आणि बदलायलाही लागत नाही. वाक्य गेलं. त्याच्या जागी मी सुचवलेलं आलं: रुग्णाचा पत्ता पाहून निर्णय घेऊ नये, किरणोपचार चुकल्यास तो रुग्णामुळे चुकला की यंत्रणेमुळे, याची वेगळी नोंद ठेवावी. अध्यक्षांनी माझ्या संवेदनशीलतेचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. पाच मिनिटांत देशाचा मसुदा बदलला. मी ज्योतीच्या डॉक्टरांना तिथूनच निरोप पाठवला आणि त्यांचं ‘ठीक आहे मॅडम, तसंच करू’ आलं तेव्हा कुठं खाली बसले.

बाहेर सिस्टर जिन्यापाशी थांबल्या होत्या. “वाक्य चांगलं झालं,” म्हणाल्या. “तिसरा रकाना आला.” आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हॉलमध्ये जे बोलायचं राहिलं तेच मी आता इथं लिहिते आहे, त्यातही मला उशीर झाला.

मुंबईची गाडी दुपारची होती. बॅग भरताना सिस्टरांचा फोन आला, त्यांनी सुमनबाईला जोडून दिलं.

“चपलांबद्दल माफ करा,” मी म्हणाले, “सिस्टरांकडं देते.”

“चपला राहू द्या. दुसऱ्या हायेत. पोरीचा फोन आला, डॉक्टर राजी झाले म्हन्ती. लई बरं झालं.” मग विचारलं, “मॅडम, त्या मोठ्या पुस्तकातलं खोडलं तुमी?”

“हो. काढून टाकलं.”

“ते देशाचं हाय म्हन्तात.”

“हो.”

“मंग ते खोडता येतं आन् माझं नाय येत?”

मी गाडी चुकवली. याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही. त्या प्रश्नानंतर मुंबईच्या गाडीत बसणारी बाई मी असू शकले असते, हे मला चांगलं माहीत आहे. पायात तिच्या चपला होत्या म्हणून असेल, बसले नाही एवढंच. लासूरला या वेळी थांबले नाही.

सुमनबाई चाळीत कांदे निवडत होती. मला बघून उठली, आधी पाणी आणलं. मी प्यायले. मग मीच म्हटलं, कार्ड आणा.

खाडाखोड करता येत नाही हे खरंच आहे. पण जुन्या नोंदीखाली नवी नोंद करता येते, तारीख आणि सही घालून. हे मला आदल्या दिवशीही ठाऊक होतं. मी पेन काढलं आणि लिहिलं: ‘वरील नोंद चुकीची आहे. रुग्ण ठरलेल्या प्रत्येक दिवशी आली होती. यंत्र बंद असल्याने तिला परत पाठवले गेले. हे मला सांगण्यात आले होते, तरी मी तसे लिहिले नाही. चूक माझी.’ सही केली. ती वरच्या सहीइतकी ठसठशीत आली नाही.

सुमनबाईला वाचता येत नाही. तिनं ज्योतीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाली, “वाचा तिला.” मी वाचलं. मोठ्यानं, पूर्ण, माझ्या नावासकट. मागं कंपनीच्या यंत्रांचा आवाज येत होता. ज्योती म्हणाली, “आई, ऐकलं का?” सुमनबाई म्हणाली, “व्हय. ऐकलं. जा, कामाला लाग.”

फोन ठेवून तिनं कार्ड हातात घेतलं. नव्या शाईवरून बोट फिरवलं, मग वरच्या ओळीवर आणलं.

“वरचं हाय तसंच ऱ्हायलं?”

“ते खोडता येत नाही. खाली लिहिता येतं.”

“म्हंजी जो कुनी वाचंल,” ती म्हणाली, “तो आदी वरचंच वाचंल.”

ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. तिनं कार्डाला मधोमध घडी घातली, वरची ओळ आत आणि खालची बाहेर येईल अशी, नखानं ती पक्की केली आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं. मग मला म्हणाली, “भाकरी टाकते. बसा.”